आत पहिलं कोण जाणार

घराण्याची कला सासरेबुवांनी पोटच्या दोन्ही मुलांना सोडून थोरल्या सुनेला दिली, यातच काय ते आलं. मुलांना धीर नव्हता. बंद कुलूप दिसलं की ते हातोडी शोधायचे. थोरल्या जाऊबाई मात्र कुलपासमोर मांडी घालून बसतात, बारीक तारा आत सरकवतात आणि रुसलेल्या पोराची समजूत काढावी तशा त्याच्याशी वागतात. किल्ली हरवलेली माणसं त्यांना दुरून शोधत येतात. मी दुकानाचा गल्ला सांभाळते आणि जमेल तेव्हा त्यांना चिडवते. तोंडावर कौतुक करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथे करून घेते.

त्यांचा एक नियम होता. दार उघडलं की त्या बाजूला सरकायच्या. पहिलं पाऊल घरमालकाचं. परक्याच्या घरात आपण आधी शिरायचं नाही, ही सासरेबुवांची शिकवण.

मग तो कायदा आला. घरात किंवा दुकानात न विचारता शिरणाऱ्याला मालकाने जिवे मारलं तरी गुन्हा नाही. दारोदारी लाल पाट्या लागल्या, आत पाऊल टाकाल तर गोळी घालू. आमचे यजमान तर हरखूनच गेले. आता चोरांची पाचावर धारण बसेल, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. दुकानासाठी बंदूक घ्यायचंही त्यांच्या डोक्यात होतं. चोर खरंच कमी झाले का, असं मी जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मला नाही बाई ठाऊक, कुलपं मात्र तेवढीच खपतायत.

अशात एका सकाळी एक निवृत्त मास्तर दुकानात आले. बाजारातून परतले तर किल्ली फिरेना, कुलूप बिघडलं म्हणाले. जाऊबाईंचा गुडघा धरला होता, म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन मीही निघाले.

मास्तरांची इमारत जुळ्यातली एक. दोन्हींना नुकताच एकच रंग लावलेला, जिने सारखे, दारं सारखी. रंगाऱ्यांनी सगळ्या पाट्या उतरवून जिन्याखाली रचून ठेवलेल्या, नावाच्याही आणि लालही. मास्तर आधीही आणि आमच्याबरोबरही चढले ते शेजारच्या इमारतीत, आणि किल्ली लागेना तेव्हा दोष कुलपाला दिला. माणसाला स्वतःची चूक सोडून बाकी सगळं सुचतं. किल्ली आणि कुलूप एकाच बनावटीचं होतं, त्यामुळे जाऊबाईंनाही शंका आली नाही.

घरात कुणी नाही, मी एकटाच राहतो, असं मास्तर सांगत होते. तरी सवयीप्रमाणे जाऊबाईंनी दार ठोठावलं आणि कुलूपवाली आलेय, दार उघडतेय, अशी हाक दिली. आतून ओ आली नाही. त्यांनी कुलूप सोडवून बाहेर काढलं. दारात मुठीएवढं भोक राहिलं आणि दार आपसूक आत सरकू लागलं. मास्तरांनी पाऊल उचललं.

तेवढ्यात आतून गरम इस्त्रीचा वास आला. सकाळपासून बंद असलेल्या घरात इस्त्री कोण करणार? जाऊबाईंनी एका हाताने मास्तरांची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं आणि दुसऱ्या हाताची बोटं भोकात घालून दार खेचून धरलं. मास्तर माझ्या अंगावर पडले, पिशवी पायऱ्यांवर सांडली. बोटांच्या फटीतून जाऊबाईंना काय दिसलं ते त्यांनी मागाहून सांगितलं. बंदुकीची नळी, आणि ती धरलेले बांगड्यांचे हात.

त्या बाजूला होऊ शकल्या असत्या. पण हात सोडला की दार उघडणार, आणि दारासमोर आम्ही दोघं पडलेलो. त्या तिथेच उभ्या राहिल्या, गोळी लागली तर पहिली त्यांनाच लागेल अशा.

“बाई, मी कुलूपवाली,” त्या म्हणाल्या. “चूक आमची झाली, आम्ही भलत्याच दाराशी आलोय. मी दार धरून ठेवलंय, आत कुणी येणार नाही. तुम्ही आतून कडी घाला. कडीचा आवाज आला की मी हात काढते.”

कडी काही सरकेना.  हे माझंच घर, असं मास्तर पुटपुटायला लागले तेव्हा मी सरळ त्यांच्या तोंडावर हात ठेवला. जाऊबाई त्याच शांत आवाजात पुन्हा तेच बोलल्या. मग पावलं ऐकू आली, आणि कडी सरकली.

त्यांनी हात काढला. बोटं काळीनिळी झाली होती. तरी खाली बसून त्यांनी कुलूप होतं तसं बसवलं, तेलसुद्धा घातलं. मी असते तर जिना उतरून केव्हाच पळाले असते.

थोड्या वेळाने दार उघडलं. नव्याने संसार मांडलेली पोर होती, घरात एकटीच.

“तुमची हाक ऐकली होती मी,” ती म्हणाली. “हे सांगून गेलेत, माणूस दाराबाहेर असताना गोळी घालायची नाही. आत पाऊल पडलं की कायदा आपला. म्हणून गप्प राहून वाट बघत होते.”

 पूर्वी हीच पोर, कोण आहे, म्हणून ओरडली असती, मास्तर ओशाळले असते आणि सगळे हसत घरी गेले असते. जाऊबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि प्यायला पाणी मागितलं.

आमच्या दुकानात बंदूक आली नाही. यजमान अजूनही कायद्याची बाजू घेतात, चोर घाबरतात म्हणतात. घाबरतही असतील. पण जाऊबाई कामाला निघाल्या की हेच पायरीपर्यंत जातात आणि सांगतात, वहिनी, हाक मोठ्याने मारा.

जाऊबाईंनी मात्र सासरेबुवांचा नियम मोडला. आता कुलूप उघडलं की त्या मालकाला मागे थांबवतात आणि हाक देत स्वतः आधी आत जातात. यावरून मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. घर दुसऱ्याचं, मग जीव तुम्ही का धोक्यात घालायचा?

“अगं, आपल्या घरात शिरताना कुणी हाक मारतं का?” त्या म्हणाल्या. “मला सवय आहे.”

 त्या पिशवी घेऊन निघाल्या की मी गल्ल्यावर बसून त्या परत येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहते.