कारणाचा रकाना

सकाळपासून दोनगाठीचा हात काही धड चालत नव्हता. वारा सुटला होता, कोरडा, दातांत माती आणणारा. असल्या वाऱ्यात कलम बांधायचं म्हणजे हाताला घाई पाहिजे. खालचा मुळाचा खुंट कापला, वर बसवायची काडी तासली, की दोन्हीचा ओलावा उडायच्या आत एकात एक बसवून पट्टी आवळायची. आप्पांच्या रोपवाटिकेत या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दिवसाला तीनशे कलमं बांधायची आणि वर तोंडाचा पट्टा चालू असायचा तो वेगळाच. आज मात्र पन्नासावर घोडं अडलं होतं, आणि त्या पन्नासातली सहा मावशीनं उचलून तिच्या नाकासमोर धरली.

“काड्या उलट्या खोचल्यास,” मावशी म्हणाली. “शेंडा खाली, बूड वर. शिकायला बसलीस त्या दिवशीसुद्धा असलं केलं नव्हतंस.”

मावशी काही सख्खी नव्हे. वीस वर्षं आप्पांकडे कामाला, आणि हिच्या हातात चाकू पहिल्यांदा तिनंच दिला. त्यामुळे बोलायचा हक्क होता. दोनगाठीनं सहाही कलमं घेतली, बाजूला सावलीत ठेवली आणि म्हणाली, मागाहून बघते. मावशीनं तिच्याकडे एकदा निरखून बघितलं आणि आपल्या खुंटाकडे वळली. आज विद्यापीठाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आहे हे तिलाही ठाऊक होतं.

आता हे दोनगाठी नाव कुठून आलं ते सांगायला हवं. एखादं कलम धरलं नाही, काडी वाळून गेली, तर खुंट टाकून देत नाहीत. थोडा खाली कापतात आणि त्याच्यावरच दुसरी काडी बांधतात. असं दुसऱ्यांदा धरलेलं रोप असलं की आप्पा त्याच्या बुंध्याला दोऱ्याच्या दोन गाठी मारायला लावायचे. साध्या रोपाला एक. दोन गाठींचं रोप चांगलंही निघतं, कधी जोडाशी मोडतंही. पण घेणाऱ्याला सांगायचं. आप्पांचा हा नियम पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होता. तर आप्पांची ही पोरगी बारावीला नापास झाली, सहा वर्षांनी पुन्हा बाहेरून बसली आणि पहिल्या वर्गात पास झाली. मग काय, कुणीतरी दोनगाठी म्हटलं आणि ते चिकटलं. गावाला नाव ठेवायला काही मेहनत पडत नाही. आधी ती चिडायची. मग ओ द्यायला लागली.

विद्यापीठात फळझाडांचा चार वर्षांचा अभ्यासक्रम होता. जागा चाळीस. कलमं बांधता बांधता तिला शंभर प्रश्न पडायचे. हीच काडी या खुंटाला का धरते आणि त्याला का नाही, असलं. उत्तर आप्पांकडे नव्हतं, मावशीकडेही नव्हतं. ते तिथं मिळेल असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि एकदा मनाशी धरलं की ती सोडणारी नव्हती. फॉर्म भरत आणला होता. अडला होता एका पानावर.

त्या पानावर लिहिलं होतं की यापूर्वी दिलेल्या सगळ्या परीक्षा सांगा, नापास झालात त्याही, अर्धवट सोडल्यात त्याही. पुढं रकाना होता, कारणाचा. आणि खाली बारीक अक्षरांत, की खोटी माहिती निघाली तर प्रवेश कधीही रद्द होईल. आठ दिवस ती त्या पानापर्यंत जात होती आणि माघारी येत होती.

सल्ला द्यायला मात्र कुणी मागं राहिलं नाही. गावात संगणकावर फॉर्म भरून देणारा फॉर्मवाला म्हणाला, दुसऱ्या परीक्षेच्या प्रमाणपत्रावर पहिलीचा शब्दसुद्धा नाही, मग आपणहून कशाला सांगायचं. पाणी भरायला येणाऱ्या बायका म्हणाल्या, नापासांचे फॉर्म तिथं आधीच बाजूला काढतात, आमच्या अमक्याच्या तमक्याचा असाच गेला. खरं किती आणि उगाच किती, देव जाणे. पण रात्री तिला तेच आठवायचं. आप्पांनी तर एका वाक्यात विषय मिटवला होता. जुनं उकरून काय मिळणार आहे, म्हणाले, आणि ताटावरून उठले.

दुपारी एक गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. दोनशे रोपं हवी होती, आणि गडी घाईत. आप्पा ओळीतून फिरून रोपं बाहेर काढत होते आणि मधेच एखादं बाजूला ठेवत होते. अकरा निघाली तशी. गिऱ्हाईक म्हणालं, ती पण टाका की, मी काय गाठी मोजत बसणार आहे. झालं. आप्पांनी टेम्पोचं फाळकं धरलं आणि त्याला उन्हात उभं करून दोन गाठी म्हणजे काय, जोड कुठं कच्चा राहू शकतो, पहिली दोन वर्षं टेकू कसा द्यायचा, सगळं सांगितलं. माणूस घामाघूम झाला. शेवटी अकरा रोपं न घेताच गेला.

दोनगाठी हातातला चाकू पुसत हे बघत होती. टेम्पो धुरळ्यात दिसेनासा झाला तशी ती उठून आप्पांपाशी गेली.

“त्याला नको असताना सांगितलंत,” ती म्हणाली. “मला मात्र विचारलंय तरी सांगू नको म्हणता.”

आप्पा खाली वाकून ती अकरा रोपं पुन्हा ओळीत लावत होते. वर न बघताच म्हणाले, “रोपाला कुणी हसत नाही.”

“मला तर हसून झालंय, आप्पा. आता कोण हसायचं राहिलंय?”

आप्पांचा हात तिथंच थांबला. मग पंप सुरू करायचाय असं काहीतरी पुटपुटत टाकीकडे निघून गेले. पंप तर सुरूच होता. आणि तेव्हा तिच्या लख्ख ध्यानात आलं, की आप्पा तिच्या नापास होण्याला भीत नाहीत, त्या कारणाच्या रकान्याला भितात.

कारण दोघांनाच माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं. बारावीच्या गणिताच्या पेपराच्या दिवशी पहाटे वादळ झालं आणि रोपवाटिकेवरची सावलीची जाळी फाटून लोंबायला लागली. खाली चार हजार ताजी कलमं उघडी. ऊन चढलं की गेलीच. आप्पा म्हणाले, तासभर हात लाव, मग मी स्वतः सोडतो गाडीवर. एका तासाचे अडीच तास झाले. शाळेपाशी पोचले तेव्हा फाटक बंद होतं आणि पहारेकऱ्यानं नुसती मान हलवली. कलमं सगळी जगली. निकाल लागला, गणितात गैरहजर, म्हणून नापास. चहाच्या टपरीवर कुणीतरी आप्पांना विचारलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, की पोरीनं अभ्यासच केला नाही. एकदा निघालं ते निघालं. परत घ्यायला तोंड उघडेना, आणि तिनंही मूग गिळले.

पण तिचं तरी सगळं सरळ होतं का? निकालानंतर दोन महिन्यांनी तोच पेपर पुन्हा होता. तिनं दिला नाही. बापावर रुसली. त्यांना आयुष्यभर टोचत राहावं म्हणून रुसली, खरं सांगायचं तर. त्या रुसण्यात पाच वर्षं गेली आणि टोचलं ते तिलाच जास्त. मावशीनं पुस्तकं आणून पुढ्यात टाकली नसती तर आणखी पाच गेली असती.

तिनं हात धुतले, पिशवी उचलली आणि मावशीला सांगून चालू पडली. अर्ध्या तासाची वाट. वारा समोरून. पाय पुढं जात होते आणि मन चार पावलांवर मागं वळत होतं. लिहू नये, सरळ पुढचं पान घ्यावं. नाही, लिहावं. लिहावं, पण कारण दुसरं द्यावं.

फॉर्मवाल्याची खोली म्हणजे एक टेबल, एक संगणक, भिंतीला टेकवलेलं बाकडं. बाकड्यावर तिघं आपापले कागद घेऊन बसले होते. चार वाजून गेले होते, आणि पाचला मुदत संपत होती. तिचा नंबर आल्यावर ती म्हणाली, दादा, पहिली परीक्षा पण टाका. फॉर्मवाल्यानं चष्म्यावरून बघितलं, खांदे उडवले आणि टाकली. मग विचारलं, कारण?

“आजारी होते,” ती म्हणाली.

त्यानं टाइप केलं. पडद्यावर तो शब्द दिसला आणि तिला कसंसंच झालं. एवढ्या उन्हातून आले ते हे लिहायला? “खोडा,” ती म्हणाली. त्यानं खोडलं. मग काय लिहू, म्हणाला. रिकाम्या रकान्यात कर्सरची उभी काडी उघडमीट करत होती. बाकड्यावरचा एकजण खाकरला, घड्याळाकडे बघून. खरं बोलायचं तर बापाला चारचौघांत उघडं पाडायचं, आणि तेही तो समोर नसताना. ते तिच्यानं होईना.

बाहेर मोटारसायकल थांबली. आप्पा आत आले ते तसेच, पायाला चिखल, बाह्या वर चढवलेल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद. तिचं सहा वर्षांपूर्वीचं हॉलतिकीट. ते तिनंच त्या दिवशी चुलीत टाकायला काढलं होतं आणि तिला वाटत होतं, गेलं. आप्पांनी ते टेबलावर ठेवलं आणि फॉर्मवाल्याला म्हणाले, “कारण मी सांगतो. तू लिही.”

आणि आप्पांनी सांगायला सुरुवात केली. वादळ कुठल्या बाजूनं आलं तिथपासून. जाळी कशी फाटली, खांब किती पडले, पोरगी गणवेश घालून तयार होती आणि आपणच तिला शिडीवर कसं चढवलं. मग टपरीवर काय बोललो तेही. आवाज एकदा बसला, तरी थांबले नाहीत. फॉर्मवाला बिचारा मुकाट्यानं टाइप करत होता. शेवटी म्हणाला, “आप्पा, इथं दीडशे अक्षरंच मावतात. तुम्ही अजून खांबांवरच आहात.”

मग काटछाट सुरू झाली. खांब गेले, शिडी गेली, टपरीही गेली. उरलं ते दोनगाठीनं वाचलं आणि म्हणाली, माझंही घाला. फॉर्मवाला म्हणाला, ‘रुसून’ हा शब्द बरा दिसत नाही, त्याऐवजी वैयक्तिक कारणास्तव लिहूया. ती म्हणाली, रुसूनच लिहा. शेवटी रकान्यात असं बसलं: गणिताच्या दिवशी वडिलांनी कामाला थांबवलं, पेपर हुकला. पुढची पाच वर्षं मी रुसून परीक्षा दिली नाही.

पाचला बारा मिनिटं असताना फॉर्म गेला. पडद्यावर हिरवी खूण आली. आप्पा कपाळ पुसत बाकड्यापाशी उभे होते, फटके खाऊन आल्यासारखे. फॉर्मवाला त्यांना धीर द्यायला गेला आणि घोटाळा झाला.

“एवढं काय त्यात, आप्पा,” तो म्हणाला. “सगळ्या गावाला माहीत आहे ते. पेपराच्या वेळेला ही शिडीवर होती, रस्त्यावरनं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसली होती.”

बाकड्यावरच्या तिघांनीही माना डोलावल्या.

दोनगाठीनं त्या तिघांकडे बघितलं, फॉर्मवाल्याकडे बघितलं. मग म्हणाली, “माहीत होतं, तर सहा वर्षं मला हसत कशाला होतात? आणि वर हे दोनगाठी कशाला?”

फॉर्मवाल्यानं चष्मा काढला आणि उगाच पुसत बसला. “तुझे वडीलच सांगत होते ना, पोरीनं अभ्यास केला नाही म्हणून. बापाला तोंडावर खोटं कसं पाडायचं?”

ती बाहेर पडली. रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्हीतलं कुठलं आधी, तेच कळत नव्हतं. आप्पा मागोमाग आले, गाडीला किक मारली आणि म्हणाले, “बस. सोडतो.”

“आता कुठं सोडता,” ती म्हणाली आणि चालायला लागली.

आप्पांनी गाडी बंद केली. मग तेही चालायला लागले, गाडी ढकलत, तिच्या मागून. वाटेत पहिलाच माणूस भेटला त्यानं विचारलं, पेट्रोल संपलं का. आप्पा म्हणाले, पेट्रोल आहे, पोरगी बसत नाही. दुसऱ्यानं विचारलं, त्यालाही तेच. पुढं पिठाच्या गिरणीवाला दारातच उभा होता. त्यानं विचारलं, का बसत नाही? आप्पांनी गाडी स्टँडला लावली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि वादळ कुठल्या बाजूनं आलं तिथपासून त्यालाही सांगायला लागले.

दोनगाठी चार पावलं पुढं जाऊन थांबली. गिरणीवाला दळण सोडून ऐकत होता. आप्पा पुन्हा खांबांपर्यंत आले होते आणि त्यांचा आवाज पुन्हा बसत होता. विद्यापीठ घेतं की नाही, ते महिन्याभरानं कळणार होतं. ती माघारी आली आणि गाडीवर मागं बसली.

“बास, आप्पा,” ती म्हणाली. “पाच वाजले, आता फॉर्म घेत नाहीत. चला लवकर. सकाळची सहा कलमं मी उलटी बांधलीत, ती सोडवून परत बांधायचीत. आणि त्यांना दोन गाठी मारायच्या, लक्षात ठेवा.”