चौथ्या सिलिंडरचा वारा

काकूंचा धंदा शिवणकामाचा. कपड्यांचा नव्हे, ट्रकच्या ताडपत्र्या, तंबू, गाड्यांच्या सीटा असल्या दांडग्या कामाचा. धाकट्या दिरांनी सहा वर्षं खपून दोन माणसांचं विमान बांधलं होतं. त्याच्या सीटांचं माप घ्यायला त्या शेडमध्ये आल्या आणि बघतात तर काय, बापलेक तोंड फिरवून बसलेले.

विमान तीनदा उडालं होतं आणि तिन्ही वेळा अर्ध्यातून खाली आलं होतं. वर चढायला लागलं की चार मिनिटांत चौथ्या सिलिंडरच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायचा. उडवणारी पुतणी, या कामात मुरलेली. तिने आज सरळ सांगून टाकलं होतं, "बाबा, इंजिन भाजून घ्यायचं असेल तर दुसरं कोणी बघा."

भाऊजींच्या हातात करवत होती. इंजिनावरच्या झाकणाला पुढे हवा घेणारी दोन तोंडं होती, ती त्यांना मोठी कापायची होती.

"जास्त हवा आत, जास्त गार. साधा हिशेब आहे, वहिनी."

"आणि आत गेलेली हवा जाते कुठे?"

"इंजिनाच्या वर साठते. तिथून सिलिंडरच्या अंगावरच्या पातळ पात्यांमधून खाली उतरते नि मागून बाहेर पडते. दुसरीकडे पळू नये म्हणून भोवती पत्र्याच्या भिंती आहेत. भिंत नि झाकण यांच्यातली फट ही रबरी पट्टी बुजवते."

पट्टी म्हटल्यावर काकू पुढे सरकल्या. त्यांनी कडेकडेने अंगठा फिरवला. सगळीकडे पट्टी आतल्या बाजूला झुकलेली; चौथ्या सिलिंडरच्या मागे मात्र बाहेर.

"ही उलटी का?"

"तिथे वायर आड येत होती, म्हणून वळवली. त्याने काय होतंय?"

"अहो, तंबूची झडप वाऱ्याच्या अंगाला असली की वाराच तिला दाबून धरतो. उलट्या अंगाला असली की उचलतो आणि निघून जातो. मी दोनदा हात पोळून शिकलेय हे."

भाऊजी हसले. "तंबू वेगळा, विमान वेगळं."

"वारा तर तोच ना?"

पुतणी एव्हाना उठून आली होती. तिने झाकण बसवलं. काकूंनी खालून इंजिनामागे पेटता बल्ब सोडला, डोक्यावर काळी ताडपत्री ओढली आणि पुढच्या तोंडातून आत डोळा लावला. पात्यांमधून उजेड झिरपत होता, तो झिरपणारच. पण मागच्या भिंतीच्या माथ्यावर, बरोब्बर चौथ्याच्या मागे, बोटभर जाडीची पांढरी फट लखलखत होती.

"या, बघा तुम्हीच."

भाऊजी बराच वेळ ताडपत्रीखाली होते. बाहेर आले ते घाम पुसत, आणि करवत गुमान खुंटीला अडकवली.

"माझी सगळी हवा इथून पळतेय," ते म्हणाले. "आणि मी निघालो होतो नाक कापायला!"

दोन दिवस काकूंनी शेड सोडली नाही. वायर हलवली. नवी पट्टी बेतली, आत झुकवून बसवली, कोपऱ्यांत एकावर एक चढवली. बारीकसारीक भोकं उष्णता सोसणाऱ्या लुकणाने भरून टाकली. बल्ब पुन्हा लावला तेव्हा माथ्यावर काळोख मिट्ट होता.

उड्डाण मुद्दाम भर दुपारी ठेवलं. धावपट्टी तापून निघाली होती. विमान सुटलं, उचललं गेलं, चढू लागलं. भाऊजी खाली वायरलेस कानाला लावून उभे होते. चार मिनिटं झाली. पाच झाली.

"कुठे आहे काटा?" त्यांनी विचारलं.

"रेघेच्या पुष्कळ खाली," पुतणीचा आवाज आला. "आणि तिथेच बसलाय, बाबा. चारही काटे एका ओळीत. अजून चढू?"

भाऊजींनी नुसती मान वर केली. काकूंनी त्यांच्या हातातून वायरलेस काढून घेतला.

"चढ!" त्या ओरडल्या. "आभाळ संपेपर्यंत चढ, पोरी!"

वर निळ्यात एक पांढरा ठिपका लहान लहान होत गेला. भाऊजी भर उन्हात, डोळ्यांवर हात न धरता, तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिले. आणि काकू, साठीच्या बाई, दोन्ही हात उंचावून धावपट्टीच्या कडेने चक्क पळत सुटल्या.