सोयरिकीची उकल

जव्हार संस्थान विलीन झालं आणि मामलेदार कचेरीत ठाण्याहून कर्णिक नावाचे अव्वल कारकून आले. त्यांना शब्दकोड्यांचं वेड होतं. इथं कोडी सोडवणारं कुणी नाही म्हटल्यावर ते स्वतःच मराठीत रचायचे, आणि त्यांच्या तावडीत सापडला नवा कारकून देवराम.

"काकडीतला पक्षी, दोन अक्षरं," कर्णिकांनी पहिल्याच दिवशी कोडं घातलं.

काकडी खाणारा पक्षी कोणता, याचा देवरामने दुपारभर विचार केला. शेवटी तो म्हणाला, "पोपट. पण एक अक्षर जास्त होतंय."

"काक! काकडीतच बसलाय की! अहो, सूचना दिसते तशी नसतेच. तिचा एक तुकडा अर्थ सांगतो, दुसरा शब्द कसा काढायचा ते सांगतो. जोड कुठं ते हुडका. वरवरच्या बोलण्यावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही."

देवरामला हे इतकं पटलं की विचारू नका. महिन्याभरात तो कर्णिकांची कोडी चहा निवायच्या आत सोडवू लागला. आणि मग ती खोड कचेरीबाहेरही गेली. शिपाई "पाऊस येईल" म्हणाला तरी हा त्यात जोड शोधायचा.

याच सुमारास तो मामाला, सुकऱ्याला, घेऊन पोशेऱ्याला नवसूच्या घरी गेला. नवसूची मंगळी त्याच्या मनात भरली होती, इतकी की तिच्याशिवाय त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. पहिल्या खेपेला मुलीचं नाव काढायचं नाही, बियाणं मागायचं, ही तिकडची रीत. म्हणून सुकऱ्या म्हणाला, "नागलीचं बियाणं मागाया आलो."

नवसूने विडी विझवली. "बियाणं हाय. रविवारी या. आज मंगळी नाय घरात, दाभोशाला गेलीय."

परतताना मामा खुशीत होता. देवरामचं तोंड मात्र उतरलेलं.

"अरं, हो म्हणला की तो!"

"मामा, तुम्हाला यातलं कळत नाही. 'बियाणं हाय' हे नुसतं फसवायला. रविवार म्हणजे सुट्टी, आपल्याला सुट्टी दिली. खरा अर्थ शेवटी असतो. मंगळी दाभोशाला गेली. दिली तिला तिकडं!"

सुकऱ्याला हे पटेना. पण भाचा कचेरीत बसणारा, शिकलेला. आपलंच चुकलं असेल म्हणून त्याने मान डोलावली. रविवारी कुणीच गेलं नाही. देवराम दिवसभर पांघरूण घेऊन पडला आणि त्याला जेवण गेलं नाही.

पुढच्या बाजाराला जव्हारात मंगळी समोरून आली. डोक्यावरची पाटी तिने दाणकन खाली ठेवली.

"रविवारी का नाय आलास?"

"तू... तू दाभोशाला गेली होतीस ना?"

"गेलती. मावशीला पोर झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे मावशीला पोर झालं! रविवारी बानं कोंबडा कापला. आम्ही वाट बघतोय, बघतोय. मग बानं रागानं एकट्यानंच खाल्ला. आता म्हणतो, त्या कारकुनाचं नाव काढू नको."

देवरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण कसे अडकलो ते तो सांगू लागला, सूचना, तुकडे, जोड. मंगळी ऐकत होती. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"मला मागाया आलेला का बियाणं?" तिने विचारलं.

"तुला."

"मग आज येतोस घरी?"

देवराम यातही जोड शोधू लागला. सवयच तशी.

"देवराम!"

"येतो. येतो!"

"मामाला घे बरोबर. बा आधी शिव्या देईल. त्या शिव्याच समज, दुसरं काय काढू नको त्यातून." तिने पाटी उचलली. "आणि बोलायचं मामानं. तू फक्त खाली मान घालून बसायचं."