कार्ड काही दिसेना

कॉम्प्युटर म्हणत होता, कार्ड नाहीच. अरे, नाहीच काय नाहीच! माझ्या या हातांनी स्लॉटमध्ये दाबून बसवलंय, वरून स्क्रू पिळलाय, आणि हा ठोंब्या मला सांगतोय नाही म्हणून!

आमचा कारखाना टाकवे बुद्रुकला. गाड्यांच्या स्प्रिंगा बनवतो. स्प्रिंग दाबायला किती जोर लागतो ते मोजून त्याचा आलेख काढायचा, हे माझ्या टेस्टिंगच्या खोलीतलं काम. आजवर आकडे वाचून हाताने कागदावर उतरवत होते. मग मीच मालकांच्या, म्हणजे केशवरावांच्या, मागे लागून हे डेटा ॲक्विझिशन कार्ड मागवलं. मशीनवरचे आकडे ते सरळ कॉम्प्युटरला देतं आणि आलेख आपोआप पडद्यावर येतो. यायला हवा, असं म्हणू या.

दुपारी गिऱ्हाईक कंपनीच्या चैतालीमॅडम तो आलेख बघायला येणार होत्या. केशवरावांचा पुतण्या शौनक नुकताच कारभारात शिरलाय. त्याचं म्हणणं, टेस्टिंग पुण्याहून करून आणू आणि ही खोली बंद करू. केशवरावांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "आसावरी, आज आलेख आला तर खोली राहील. नाही तर शौनक म्हणतो तसं." आता खोली गेल्यावर मी काय गेटवर बसू?

कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, काढला, परत टाकला. कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये बसवून पाहिलं. हेल्पलाइनवरचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटर बंद करून चालू केलात का?" मी म्हटलं, "बाळा, इतक्या वेळा केलाय की आता तो मला बघूनच घाबरतो."

तेवढ्यात शौनक दाराला टेकून उभा. "काय आसावरीताई, बसतंय का?"

"बसलंय. दिसत नाहीये."

"बसवायची पद्धत चुकली असेल."

असा राग आला म्हणता! हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो आधी टेबलावर ठेवला.

शेवटी कार्ड बाहेर काढलं आणि खिडकीशी धरलं. कडेच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट होतं, ते मला माहीत होतं. खंडेनवमीला आम्ही लेथपासून पान्यांपर्यंत सगळं पुजतो, झेंडू वाहतो. कार्ड नुकतंच आलेलं, तेही पूजेत मांडलं होतं आणि मीसुद्धा हात जोडले होते. मग दसऱ्याची सुट्टी झाली आणि आज कामाला लागले. पण स्लॉटमध्ये जाते ती सोनेरी दात्यांची पट्टी जरा जास्तच सोनेरी वाटली. नख फिरवलं, तर नख पिवळं. हळद! एकेका दात्यावर लावलेली, सुकून कडक झालेली. सोन्यावर हळद, ती दिसणार कुठून?

"कुणी केलाय हा उद्योग?" मी अशी ओरडले की बाहेरच्या प्रेस थांबल्या. चौकशीला वेळ नव्हता. खोडरबराने दाते घासले, स्पिरिटने पुसले, वाळू दिले, कार्ड बसवलं आणि बटण दाबलं. आलं की हो कार्डाचं नाव पडद्यावर!

चैतालीमॅडम आल्या. स्प्रिंग दाबली तशी रेघ चढत गेली, सोडली तशी उतरली. मॅडम म्हणाल्या, "छान. पुढच्या मालालाही असेच आलेख द्या." केशवरावांनी माझ्याकडे बघून मान हलवली. खोली वाचली! मला तिथेच फुगडी घालावीशी वाटत होती.

पण शौनक कसला गप्प बसतोय? मॅडमची गाडी गेटबाहेर पडताच म्हणाला, "काका, यांना सकाळपासून कार्ड बसवता येत नव्हतं. पुण्याचं मनात असू द्या."

"त्यांचं काय बी चुकलं न्हाई." प्रेसवर काम करणाऱ्या शालूबाई हात पुसत पुढे आल्या. "म्याच लावली हळद. पाकिटातनं काढून."

"अहो, पण तिथे कशाला?" मी कडाडलेच. "पत्र्यावर कुंकू लावलंत ना? तेवढं पुरे होतं की!"

"वरनं लावून काय उपेग? जे आत जातंय त्येलाच लावलं. म्हनलं, देवा, एवढं चालू दे." शालूबाई पदराचं टोक पिळत राहिल्या. "खोली बंद झाली तर तुमी जानार, ताई. मंग आमाला एवढं हक्कानं कोन वरडायचं?"

आणखी सुनवायला मी तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. डोळे भरून आले, आणि तेही नेमके शौनकसमोर.

"शालूबाई," केशवराव म्हणाले, "हिला गप्प करणं आजवर आमच्यापैकी कुणालाच जमलं नव्हतं हो."