सन त्रेपन्नची सर्वोत्तम ओळ

कैरोत माणूस जिवंत असताना त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. तो मेला की मात्र त्याच्यावर ऐंशी-ऐंशी ओळींच्या विलापिका होतात, आणि मरणानंतर चाळिसाव्या दिवशी रस्त्यात मांडव घालून त्या गळा काढून म्हटल्या जातात. कवींचं पोट कशावरही चालो, त्यांची कीर्ती मात्र दुसऱ्याच्या मरणावर चालते.

अब्दुल मुग्नी शिहाता हा पाटबंधारे खात्यातला कारकून. नाईलचं पाणी किती चढलं, किती उतरलं, याची नोंद ठेवणं हे त्याचं काम. तरुणपणी त्यानं प्रेमकविता लिहिल्या, त्या संपादकांनी जांभया देत परत केल्या. मग देशावर लिहिल्या, पण देशावर तेव्हा ट्रामचा कंडक्टरसुद्धा लिहीत होता. शेवटी एक म्हातारा वकील वारला, सांजच्या पेपरला घाईघाईनं चार ओळी हव्या होत्या, त्या शिहातानं दिल्या आणि त्याला आपली वाट सापडली. तेव्हापासून शहरात कोणी अंथरूण धरलं की हा तयारीला लागे. पुढे पुढे तर तो आजाऱ्याला भेटायला गेला की घरातल्या बायका दारातच अडवायच्या, "अफंदी, अजून तशी वेळ आलेली नाही हो. तुम्ही सावकाश या."

एक गोष्ट मात्र त्याला आतून खात होती. एवढ्या जणांना आपण रडून पोचवलं, पण उद्या आपण गेलो तर आपल्यावर कोण लिहिणार? सनिय्या, त्याची बायको, पोटभर रडली असती, पण तिला वृत्तं येत नव्हती. म्हणून त्याला एकच हवं होतं. उस्ताद नसीम बिबावींच्या मासिकात वर्षाअखेरी जो मोठा लेख येतो, त्यात आपलं नाव छापून यावं. एकदा तिथे आलं की माणूस साहित्यात जमा, मग मेला तरी बेहत्तर.

उस्ताद नसीम दर डिसेंबरात साऱ्या जगाचं साहित्य एका लेखात निकालात काढत. पॅरिसला भरपूर पानं, लंडनला त्याहून कमी, मॉस्कोला भीत भीत थोडी, हिंदुस्तान आणि चीन मिळून अर्धं पान, आणि जाहिरातींतून जे उरेल ते आपल्या मिसरला, म्हणजे इजिप्तला. पुस्तकं ते वाचत नसत. परदेशी मासिकं चाळत आणि कोण कोणावर घसरलं तेवढं टिपून घेत. "वाचलं की मत बिघडतं, शिहाता," असं ते कॉफीच्या दुकानात बसून घोट घेत सांगायचे, आणि टेबलाभोवतीचे सगळे माना डोलवायचे, कारण प्रत्येकाला त्या लेखात यायचं होतं.

त्रेपन्न साली शरदाच्या सुरुवातीलाच उस्ताद कुरकुरू लागले. "यंदा मिसरबद्दल लिहू काय, माझं कपाळ? प्रजासत्ताक आलं, पण ते काही कादंबरीत धरता येत नाही. आता एक रश्वान बे तेवढे गेले, तर वर्षाला थोडा अर्थ येईल."

रश्वान बे म्हणजे शहरातले सगळ्यांत ज्येष्ठ कवी. बे, पाशा या पदव्या सरकारनं रद्द केल्या होत्या, पण म्हातारा 'बे' म्हटल्याशिवाय ओ देत नसे. उन्हाळ्यापासून ते अंथरुणाला खिळले होते आणि अख्खं साहित्यविश्व घड्याळ लावून बसलं होतं.

"तुमची विलापिका तयारच असेल म्हणा," उस्ताद म्हणाले.

"तसं नाही... पण सुचलंय काहीतरी," शिहाता लाजला.

"मग ऐका. चाळिसावा डिसेंबरात यायला हवा, जानेवारीत गेला तर मी बघणारसुद्धा नाही. मांडवात लोकांनी तुमच्या एका तरी ओळीला 'पुन्हा! पुन्हा!' केलं, तर ती ओळ छापतो आणि तुमचं नावही छापतो. दिला शब्द!"

खरी गंमत पुढेच आहे. शिहाताची ही कविता खरोखर चांगली झाली होती. आयुष्यभर 'ज्ञानाचा दीप मालवला' आणि 'लेखणी विधवा झाली' असलं शिळं कढवून वाढणाऱ्या माणसाच्या हातून हे कसं उतरलं, त्याचं त्यालाच कळेना. यंदा पूर उशिरा आला होता. कचेरीत आकडे लिहिता लिहिता त्याला वाटलं, ही नाईल अडली कुठे? आणि ओळ आली: 'यंदा नाईल वेळेवर चढली नाही, ती तुझ्या उंबरठ्याशी पदर सावरत बसून होती.' ती लिहिल्यावर तो स्वतःच हुंदके देऊन रडला, आणि सनिय्या स्वयंपाकघरातून धावत आली, "अहो, कोण गेलं?"

"अजून कोणी नाही गं," तो म्हणाला.

संत्री घेऊन तो दर शुक्रवारी बेंकडे जाऊ लागला. लोक म्हणायचे, काय हा निष्ठावंत! बेंनी मात्र तिसऱ्याच शुक्रवारी त्याच्या कोटाकडे बोट केलं.

"काढ ते."

"काय, बे?"

"खिशातलं. अरे, मी उभ्या जन्मात असले खिसे घेऊन किती आजाऱ्यांकडे गेलोय! संत्री पुढे आणि विलापिका मागे. वाच."

शिहाताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कवीच तो, 'वाच' म्हटल्यावर किती वेळ राहील? त्यानं वाचली. नाईलची ओळ आली तसे म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"पुन्हा," ते म्हणाले. मग पुन्हा. मग डोळे पुसून, "तिथे 'थोर कवी' म्हटलंयस, ते 'सर्वांत थोर' कर. कंजूषपणा कशाला? मेलोय ना मी?"

"अल्लाह तुम्हाला उदंड आयुष्य देवो, बे!"

"तोंडदेखलं बोलू नकोस. कागद ठेव इथे उशाशी. माझ्यावरच आहे, तर माझंच झालं की."

शिहाता घरी गेला तो हवेत तरंगतच. साक्षात रश्वान बेंनी 'पुन्हा' म्हटलं! मांडवातले लोक तर म्हणणारच. त्या रात्री मुलुखियाच्या भाजीबरोबर त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बे नोव्हेंबरच्या आरंभी वारले. अगदी बेतानं वारले, चाळिसावा डिसेंबरच्या मध्याला आला. उस्ताद नसीम म्हणाले, "शेवटपर्यंत वक्तशीर माणूस!"

मांडव रंगीबेरंगी कनातींचा, खुर्च्या सोनेरी, आणि हातोहात फिरणारी बिनसाखरेची कडू कॉफी. कुराणपठण झालं आणि कविता सुरू झाल्या. क्रम अर्थातच मानाप्रमाणे. आधी मंत्रालयातले, मग प्राध्यापक, मग शाळाखात्याचे निरीक्षक दुसूकी, आणि पाटबंधारे खातं सगळ्यांच्या मागे, चपलांच्या जवळ.

मंत्रालयातले गृहस्थ उभे राहिले. पाचव्या ओळीला त्यांनी डोळे मिटून म्हटलं, 'नाईल यंदा तुझ्या दारी थांबली...' शिहाताच्या हातातली कॉफी पॅंटवर सांडली. होतं असं कधीकधी, त्यानं स्वतःची समजूत घातली, नाईल काय कोणाच्या बापाची आहे? पण प्राध्यापक उठले आणि त्यांच्याही कवितेत नाईल उंबरठ्याशी येऊन बसली. मग दुसूकी उठले, आणि त्यांनी तर पदरसुद्धा सोडला नाही, अख्खी ओळ जशीच्या तशी उचलली. मांडव गरजला, "पुन्हा! पुन्हा!" दुसूकींनी ती तीन वेळा म्हटली. शेजारचा म्हातारा रुमालात रडत शिहाताला म्हणाला, "काय कल्पना आहे हो! थोरांच्या मनात एकच विचार येतो म्हणतात, ते खोटं नाही."

शिहाताच्या कानांत नुसतं घुं घुं होत होतं. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो उठला, कारण पाय उठले. दुसरी कविता जवळ नव्हती. घरी पुन्हा उतरवून आणलेला तोच कागद वाचायला लागला आणि नाईलपाशी आला, तोच मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, ही आताच बसून गेली!" मांडवात हशा पिकला. शोकसभेत हशा! दुसरा ओरडला, "अफंदी, मयताच्या घरची चमचे-ताटं तरी सोडा!" त्यानं कागदाची घडी घातली आणि खाली बसला.

बाहेर आल्यावर त्यानं दुसूकींची बाही धरली. "ती ओळ माझी आहे."

दुसूकींनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "अरे बाबा, ती बेंची ओळ. आम्ही भेटायला गेलो की ते स्वतः म्हणून दाखवायचे, डोळ्यांत पाणी आणून. म्हणायचे, माझ्यावर असं लिहिलं गेलं पाहिजे, तुमच्याच्यानं व्हायचं नाही. प्रत्येकाला ऐकवलीय त्यांनी."

"पण ती मीच त्यांना दिली! कागद त्यांच्या उशाशी होता!"

"हळू बोल. आम्ही त्यांच्या हाताखालची लेकरं. लेकरांनी बापाच्या तोंडातली ओळ घेतली तर त्याला वारसा म्हणतात. तू घेतलीस तर चोरी. एवढं कळत नाही?"

"साक्षीला कोणी नाही का?" घरी सनिय्यानं विचारलं.

"होता एक. त्याचाच चाळिसावा होता," शिहाता म्हणाला. मग त्याला इतकं रडू आलं की तिनं दिवा मालवून टाकला, शेजारी बघतील म्हणून.

वर्ष संपता संपता मासिक आलं. पॅरिस, लंडन, मॉस्को, अर्धं पान हिंदुस्तान-चीन, आणि शेवटी, दाढीच्या साबणाच्या जाहिरातीवर, मिसर. उस्तादांनी लिहिलं होतं: 'यंदाची सर्वोत्तम ओळ श्री. दुसूकी यांची,' आणि खाली ठळक अक्षरांत नाईल. पुढचं वाक्य होतं: 'खेदाची गोष्ट ही की त्याच मांडवात पाटबंधारे खात्यातील अब्दुल मुग्नी शिहाता नावाच्या इसमाने ती सर्वांदेखत चोरली.' उस्ताद शब्दाचे पक्के. ओळ छापली, नावही छापलं.

शिहातानं ते किती वेळा वाचलं, त्यालाच ठाऊक. जगाच्या साहित्यात तो आला होता आणि आता त्याला तिथून कोणी काढू शकणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून कचेरीत गेला. खात्याच्या मोठ्या साहेबांनी खोलीत बोलावलं. नोकरी गेली, असं धरूनच तो आत शिरला. साहेब चक्क खुर्चीतून उठले, दार लावलं, खुर्ची दिली.

"वाचलं बरं का मासिकात. आपल्या खात्याचं नाव पॅरिसच्या पंक्तीला! बरं, एक खाजगी काम होतं. आमचे सासरे आता आज-उद्याचे सोबती आहेत. बायकोची फार इच्छा आहे, चाळिसाव्याला त्यांच्यावर काहीतरी व्हावं. दुसूकीसाहेबांच्या ओळीच्या तोडीचं. कुठून चोरलेलं असलं तरी आमची हरकत नाही."

रागानं शिहाताची कानशिलं तापली. मग त्यानं विचारलं, "सासऱ्यांना बोलता येतं का?"

"छे हो, उन्हाळ्यातच वाचा गेली. का?"

"मग लिहितो," शिहाता म्हणाला.