झुळखेड

स्वरदाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि समोरच्या बाईला नाव विचारले.

"दीपमाला," बाई म्हणाली. "दीपमाला बन्सी झुळखेडे."

स्वरदाची बोटे ग्लासाभोवती तशीच राहिली.

"पुन्हा सांगता?"

"दीपमाला बन्सी झुळखेडे. फुलंब्रीहून आले."

खाली क्रांती चौकातला सिग्नल सुटला असावा. हॉर्नचा लोंढा खिडकीपर्यंत आला आणि ओसरला. मदत केंद्राच्या या दोन खोल्यांत दुपारी फारसे कुणी येत नसे. केंद्र चालवणाऱ्या वकील दमयंतीबाई कोर्टात गेल्या होत्या. समोरची बाई पंचविशीच्या आसपासची होती. तिच्या पदराच्या काठात एक सुई टोचलेली होती, शिवणकाम करणाऱ्या बायका टोचतात तशी, आणि सुईत अजून दोरा होता.

या नावाची बाई जगात नव्हती. स्वरदाला ते नक्की ठाऊक होते, कारण ते नाव तिनेच बनवले होते.

चार वर्षांपूर्वी, सांख्यिकीत एम.एस्सी. करून ती इथे लागली, तेव्हा तिला पहिले काम मिळाले ते निकालपत्रांचे. विकल्या गेलेल्या मुलींच्या खटल्यांचे निकाल केंद्र आपल्या वेबसाइटवर ठेवत असे, म्हणजे दुसऱ्या वकिलांना ते उपयोगी पडावेत. त्याआधी त्यातले प्रत्येक नाव, गाव, नाते काढून टाकायचे. दमयंतीबाई नावाच्या जागी 'पीडिता' लिहीत. स्वरदाचे म्हणणे पडले की पानोपानी 'पीडिता' वाचले की वाचणाऱ्याला मुलगी दिसेनाशी होते. तिने नावे द्यायला सुरुवात केली. ती चुकून कुणा खऱ्या माणसाला लागू नयेत म्हणून आडनावे ती अशी बनवी, की ती कुणाचीच नसत. झुळखेड तिने नकाशात शोधले, जनगणनेच्या गावांत शोधले, मतदार याद्या चाळल्या. गाव नव्हते आणि झुळखेडे आडनावाचा एकही माणूस नव्हता. तेव्हा तिला बरे वाटले होते.

बाईने पिशवीतून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवले. फोटो तिचाच होता. नावही तेच, अक्षर न् अक्षर.

स्वरदाने ते उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले.

"झुळखेड कुठं आलं?" तिने विचारले.

"ते तुमालाच ठावं, ताई."

बाई हसत नव्हती. एखाद्या खात्यातल्या माणसाला त्या खात्याचे विचारावे, तशी ती उत्तराची वाट पाहत होती. 

"निवारा घरातून सोडलं ना मला," बाईने सांगायला सुरुवात केली, "तवा वकीलबाईंनी एक कागद दिला. म्हणाल्या, तुझ्या केसचा निकाल हाय, जपून ठेव. मी वाचला. सगळं माझंच. निळी पेटी माझी, लॉजचा जिना माझा, त्या माणसाला तांब्या फेकून मारला ते पण माझं. नाव तेवढं दुसरं. मला वाटलं, कोर्टानंच बदलून दिलं."

"ते फक्त कागदापुरतं होतं."

"आता कळलं. तवा कोण सांगणार? लग्नात नाय का पोरीचं नाव बदलत? आदलं घर सुटलं की नाव सुटतं. मला वाटलं तसंच असंल. पुढं आधार काढायला नेलं, तिथल्या बाईंनी नाव विचारलं. माझ्याकडं आधीचा एक कागद नव्हता. हेच सांगितलं." तिने ग्लास उचलला, पण प्यायली नाही. "बापबी बदलून मिळाला की. बन्सी. निवांत माणूस वाटतो."

बन्सी हे नाव स्वरदाने एका सायकल दुकानाच्या पाटीवरून घेतले होते. ते तिने सांगितले नाही.

"मग आज का आलात?"

दीपमालाने पदरातली सुई काढली, बोटांत फिरवली आणि पुन्हा तिथेच टोचली.

"स्टँडमागं दुकान टाकलंय. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. बोर्डावर नाव, खाली फोन नंबर. एका गिऱ्हाइकाच्या पोरीनं त्याचा फोटो काढून मोबाइलवरल्या नकाशात टाकला. माझ्या भल्यासाठीच टाकला तिनं. परवा फोन आला. पलीकडचा माणूस हॅलोबी म्हणाला नाय. नुसतं माझं आधीचं नाव घेतलं. एकदाच. मग थांबला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय नाय. मशीन चालू होतं, ते ऐकलं आसंल त्यानं." मग म्हणाली, "बंद पडल्यालंबी ऐकलं आसंल."

"कोण होता?"

"दाजी. थोरल्या बहिणीचा नवरा."

स्वरदाला निकालपत्र आठवले. लग्नाला नेतो म्हणून मेहुणीला घरातून नेणारा आणि तिसऱ्या गावी तिला देऊन मोकळा होणारा ट्रकचालक. त्याचे नावही तिने बदलले होते. ते खरे ठेवले असते तर त्याच्या नात्यावरून मुलगी ओळखू आली असती. तिने त्याला कडुबा केले होते.

"दिवाळीत सुटला तो," दीपमाला म्हणाली.

स्वरदाने संगणक आपल्याकडे वळवला आणि नाव टाकून शोधले. दोनच गोष्टी आल्या. एक केंद्राचे निकालपत्र, दुसरी फुलंब्रीतली पिवळी पाटी. तिसरे काहीच नव्हते. ती पडद्याकडे बघत राहिली. सुनीता पवार ठेवले असते तर हजार सुनीतांमध्ये ही बाई आरामात हरवून गेली असती. कुणाला लागू नये म्हणून तिने जगात नसलेले नाव शोधले, आणि आता ते नाव जगात एकाच बाईचे होते.

"हे चुकलं माझं," ती म्हणाली. "आपण तुमचं नाव बदलू. मॅडमना सांगून, रीतसर."

"माझं नगं." दीपमालाचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि लगेच खाली आला. "बँकेत हेच, रेशनला हेच, बोर्ड रंगवलाय. बायका माप द्यायला येतात, विचारतात, माहेर कुठलं? मी झुळखेड सांगते. एकदा सोडलं नाव. आता नाय सोडत. तुमी त्या बाईला दुसरं द्या."

"कोणत्या बाईला?"

"कागदातल्या. तिला काय, कुठलंबी चालंल."

हे करण्यासारखे होते. स्वरदाने निकालपत्र उघडले. पानभर ते नाव विखुरलेले होते. तिने पहिल्या नावावर खूण केली, ते निळे झाले. त्या जागी काय लिहावे ते तिला सुचेना. जे सुचे, ते कुठेतरी कुणाचेतरी असणारच असे वाटे.

टेबलावरचा फोन वाजला. हाच नंबर निकालपत्राच्या तळाशी छापलेला होता.

"नमस्कार मॅडम," पुरुषाचा आवाज होता, आदबशीर. "कडुबा बोलतोय."

"कोण कडुबा?"

"तुमीच नाव ठेवलं की." तो हसला. पाहुणचाराला आलेला माणूस हसतो तसे, बेताने.

स्वरदाने रिसीव्हर कानाला घट्ट धरला. फोन जुना होता, त्यातला आवाज खोलीभर ऐकू येई. समोर दीपमालाचा हात पदरातल्या सुईवर गेला आणि तिथेच थांबला.

"भाच्यानं निकाल वाचून दाखवला मोबाइलवर," तो म्हणाला. "मी कडुबा, ती दीपमाला. झाकलं ते बरं केलं, मॅडम, इज्जतीचा सवाल आसतो. पण मंग फुलंब्रीत बोर्डावर हीच दीपमाला कशी?"

"निकालातली सगळी नावं बदललेली असतात. खाली तसं लिहिलंय."

"ते वाचलं."

"मग जिचं नाव खरोखर दीपमाला आहे, ती निकालातली मुलगी कशी असेल?"

 तो विचार करत होता. विधान बरोबर होते. कुठल्याही वर्गात फळ्यावर लिहिले तरी बरोबरच ठरले असते.

"व्हय," तो सावकाश म्हणाला. "पण आडनावाचं काय? मी अख्खा जिल्हा फिरलोय, ट्रक होता माझा. झुळखेड नाय कुठं."

आधार नसलेला आकडा स्वरदाने आजवर कुठे लिहिला नव्हता. त्यावरून दमयंतीबाई तिला हसत.

"वैजापूरकडं आहे," ती म्हणाली.

"वैजापूरला कांदा टाकायचो मी."

"रस्त्यावर नाही. आत जावं लागतं. चाळीसेक घरं आहेत, निम्मं गाव झुळखेडे. मतदार यादीतूनच उचललं मी ते आडनाव. त्या नावाच्या बायका असणारच, दोन-चार तरी. तुम्ही त्यांना फोन करत असाल, तर तुमचा नंबर इथं दिसतोय. मी लिहून घेतलाय."

 त्याने फोन ठेवला नाही. मग अगदी हळू, जवळ कुणी झोपले असावे अशा आवाजात, त्याने एक नाव घेतले.

चार वर्षांपूर्वी स्वरदाने ते नाव पानापानावरून स्वतःच्या हाताने पुसले होते. त्यानंतर ते तिने आजच ऐकले. दीपमाला हलली नाही. तिची नजर टेबलाच्या कडेवर होती. 

"कोण?" स्वरदाने विचारले.

पलीकडे तो थांबला, ऐकत राहिला.

"या नावाचं इथं कुणी नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नक्की कोण हवंय?"

"काय नाय," शेवटी तो म्हणाला. "आसंल मंग दुसरीच कुणी."

रिसीव्हर ठेवताना तो जागेवर नीट बसला नाही. स्वरदाने दोन्ही हातांनी बसवला. पडद्यावर ते नाव अजून निळे होते. आज ते बदलले, तर उद्या भाच्याने पान उघडताच त्यालाही कळेल, की बदलावे लागले. तिने खूण काढली. अक्षरे पुन्हा काळी झाली. निकालपत्र तिने तसेच बंद केले.

"नाही बदलता येणार," ती म्हणाली. "आता तर नाहीच."

दीपमालाने मान हलवली. तिला समजले होते.

"ऱ्हाऊ द्या तिलाबी," ती म्हणाली. मग तिने ग्लासातले सगळे पाणी एका दमात पिऊन टाकले, आधार कार्ड पिशवीत ठेवले आणि उठली. दाराशी जाऊन थांबली.

"चाळीस घरं."

"चाळीसेक," स्वरदा म्हणाली.

"नदी हाय का?"

स्वरदाने खिडकीकडे पाहिले. खाली चौकात सिग्नल पुन्हा लागला होता, गाड्या थांबल्या होत्या.

"आहे," ती म्हणाली. "लहान आहे. उन्हाळ्यात आटते."