सिंधूच्या घरचा घाणा

दिवाळी तोंडावर आली की रामलिंगअप्पाला घरात बसवत नसे. एसटीत कंट्रोलर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. गाड्या सोडायचं काम संपलं होतं, पण कुणाला तरी कुठं तरी रवाना करण्याची सवय अंगातून गेली नव्हती. गल्लीचं फराळाचं काम त्यानं त्या सवयीपायीच अंगावर घेतलं असावं.

काम सोपं होतं. दिवाळीचं तळण काढताना प्रत्येक घरानं एक घाणा जास्तीचा काढायचा. कुणाच्या घरच्या चकल्या, कुणाची शेव, कुणाचे शंकरपाळे. सगळं अप्पाच्या ओसरीवर जमा व्हायचं, डब्यांत भरलं जायचं, आणि ज्यांच्याकडे सण होणं अवघड आहे त्यांच्याकडे पोचायचं. दवाखान्यात पेशंटपाशी बसलेले नातेवाईक, अपार्टमेंटांचे वॉचमन, आणि मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाया. लातूर हे शिकवण्यांचं गाव. दिवाळीला पोरं आपापल्या गावी गेली की मेसला कुलूप लागतं आणि पोळ्या लाटणाऱ्या बायांचा रोजगार थांबतो. इतरांकडे सण येतो नेमका तेव्हाच यांचे हात रिकामे होतात.

या वर्षी अप्पानं त्यांत सिंधूचं घर धरलं. सिंधू बिराजदार गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहायची, एका मेसमध्ये पोळ्या करायची. तिचा नवरा शिवशंकर बोअर मारायच्या गाडीवर कामाला होता. या गाड्या महिनोन् महिने परमुलखात फिरतात. शिवशंकर होळीच्या आधी असाच कर्नाटकाकडे गेला आणि पुढे त्याचा फोन लागेनासा झाला. मालक म्हणाला, तो मधेच कुठं तरी उतरून गेला. पोलिसांत नोंद झाली. एकदा सिंधू लहानग्या पोरीला, पुनमला, काखोटीला मारून थेट विजापूरपर्यंत जाऊन आली. काही कळलं नाही.

पावसाळ्यात गल्ली चौकशी करायची. पोळ्याच्या सणानंतर चौकशी थांबली. नवरात्रात कुणी तरी हळदीकुंकवाचं बोलावणं सिंधूच्या दाराशी न थांबता पुढे नेलं, आणि मग बाकीच्यांनीही तसंच केलं. कुणी काही ठरवलं नव्हतं. सिंधू कपाळावर मोठं कुंकू लावून रोज मेसला जायची आणि गल्ली तिच्या कपाळाकडे बघायचं टाळायची.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी अप्पा डबा घेऊन तिच्या दाराशी गेला. बरोबर धम्मदीप होता. शेजारचा तरुण, एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, फराळाच्या कामात दरवर्षी असायचा. गल्लीच्या ग्रुपवर टाकायला फोटो तोच काढी.

सिंधू दारात आली. हात ओले होते. तिनं डब्याकडे बघितलं, मग अप्पाकडे.

"कोण गेलं आमच्या घरात, काका?"

अप्पाला प्रश्न कळायला वेळ लागला. "कोण जाईल? दिवाळीचा फराळ हाय. सगळ्यांनाच देऊलालाव."

"सगळ्यांना?"

"म्हंजे, मेसच्या समद्या बायांना."

"त्यांना द्या. त्यांची घरं दुसऱ्या गल्लीत हायेत." सिंधूनं दार थोडं उघडलं. आत कट्ट्यावर तीन ताटं फडक्यांनी झाकून ठेवलेली होती. "ही सकाळपासून आलीत. आणणाऱ्या बायांनी उंबऱ्यात ठेवून दिली. कुणी आत आलं न्हाई, कुणी मला कुंकवाचं बोट लावलं न्हाई. मला काय कळत न्हाई का, काका, असं ताट कुणाच्या घरी येतं ते?"

अप्पाला तेव्हा कळलं. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. शेजारपाजारच्या बाया आपल्या घरचा फराळ झाकून नेतात, हळदीकुंकू न करता ठेवून परत येतात. त्याच्या आईच्या वेळी त्याच्याही घरी अशीच ताटं आली होती. चौथं ताट आपण स्वतः, फोटोग्राफरसकट, घेऊन आलो आहोत हे ध्यानात आल्यावर त्याला डबा कुठं लपवावा ते सुचेना.

"घर चालत न्हाई हे खरं हाय," सिंधू म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पोरगी चकली मागते हेबी खरं हाय. पण हे खाल्लं की मीच म्हणल्यासारखं होतंय. मी न्हाई म्हणणार."

तिनं दार लावून घेतलं. धम्मदीपनं मोबाईल खिशात टाकला. परतताना तो एवढंच म्हणाला, "काका, यात आपली चूक काय झाली? आपण तर गरज बघून गेलो."

"गरज बघितली," अप्पा म्हणाला, "घर बघितलं न्हाई."

घरी त्याची बायको महानंदा लाडू वळत होती. डबा तसाच परत आलेला बघून तिनं लाडू खाली ठेवला.

"घेतला न्हाई ना? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तुला माहीत व्हतं?"

"तिथल्या तीन ताटांतलं एक माझं हाय."

अप्पा पाटावर बसला. बायको आपल्यापेक्षा शहाणी आहे हे तो जाहीरपणे मान्य करत आला होता; पण तिनं असं काही करावं हे त्याला पटेना. "जिवंत माणसाच्या घरी तू दुखवट्याचं ताट नेलंस?"

"जिवंत हाय म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? इतके महिने माणूस पोरीच्या आवाजासाठी फोन करत न्हाई. दारू पीत नव्हता, दुसरं काही ऐकलं नव्हतं. म्या तिच्याच भल्यासाठी नेलं. कधी तरी तिला रडू द्यायला पाहिजे का न्हाई? कुंकू लावून लावून ती आतून वाळून चाललीय."

"अन् तो उद्या आला तर?"

महानंदानं लाडू पुन्हा उचलला. "आला तर त्याला मी पहिली झापीन," ती म्हणाली. पण तिचा लाडू काही नीट वळला नाही.

दुपारी अप्पानं बराच विचार केला. शिधा पाठवावा, बेसन, तेल, साखर? ती परत करील. मेसच्या मालकाकडून बोनस म्हणून देववावा? मालक कंजूस, तिला खरं वाटणार नाही. त्याला एकच गोष्ट सुचली, आणि ती सुचल्यावर तो इतका खूष झाला की चपला न घालताच निघाला.

"सिंधू, तुझ्याकडून एक घाणा पाहिजे," तो दारातून म्हणाला. "कोपऱ्यावरच्या घरी भावकीचं सुतक लागलंय, त्यांचे शंकरपाळे येणार न्हाईत. दवाखान्यातले डबे अडलेत. पीठ-तेल मी आणतो."

सुतकाची गोष्ट खरी होती. पीठ-तेलाची हुशारी त्याची स्वतःची.

सिंधूनं त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की त्याला आपले अनवाणी पाय आठवले.

"गल्लीतल्या गुरुपादप्पांकडं घाणा मागाया गेलात तेव्हा पीठ नेलं व्हतं का?"

"न्हाई."

"मग माझ्याकडं का?"

 अप्पा ओशाळून हसला. आश्चर्य म्हणजे सिंधूही थोडी हसली.

"काका, तुमाला खोटं बोलाया येत न्हाई. एसटी उशिरा येणार हाय का न्हाई, हे तुमच्या तोंडावरच कळायचं म्हणत्यात." मग ती गंभीर झाली. "घाणा देते. गव्हाची कणीक हाय, गूळ हाय, तेलाचं बघते मी. मैद्याचे न्हाई व्हणार, चालतंय का?"

"चालतंय की. अन् देणाऱ्या घराला शेवटी सगळ्यांच्या फराळाचा पुडा जातो. गुरुपादप्पाला दोन बंगले हायेत, तरी तो घेऊन जातो."

"माहीत हाय. पण एक सांगते. तळण मी एकटी करणार न्हाई. गल्लीत कुणी एकटीनं करत न्हाई. महानंदाकाकूला पाठवा माझ्याकडं बसायला."

अप्पा परतला तो हळूहळू. एका घाण्याचं त्यानं ठरवलं होतं. सिंधूनं मागितलं होतं ते त्याच्या हातातलं नव्हतं. दुसऱ्या घरात तळणाला जाऊन बसणं म्हणजे त्या घराला काही झालेलं नाही असं उघड म्हणणं. आणि महानंदा सकाळीच ताट ठेवून नेमकं याच्या उलट म्हणून आली होती.

त्यानं निरोप सांगितला. 

"मला जाता येणार न्हाई," महानंदा म्हणाली. "मी तिथं तिला कुंकू लावून बसू, अन् उद्या काही खबर आली म्हंजे? माझ्या तोंडून खोटं झालं म्हणायचं. तिला आणखी वर चढवून खाली टाकायचं."

"मग न्हाई म्हणून सांगू?"

"सांगा."

अप्पा उठला नाही. तिनं परत एकदा म्हटलं, "सांगा की." मग ती आत गेली, न्हाणीत पाण्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं ती इरकल नेसून बाहेर आली. हातात कुंकवाचा करंडा होता.

"तुम्ही मागून येऊ नका," ती म्हणाली. "अन् त्या पोराला फोटो काढायला सांगू नका."

तरी अप्पा गेलाच. बोळाच्या कोपऱ्यावर, आपण सहज उभे आहोत असं दाखवत. सिंधूचं दार सताड उघडं होतं. आधी कणीक लाटल्याचा आवाज, मग तेलाचा चर्र असा पहिला आवाज. पाठोपाठ वास आला आणि गल्लीत पसरला. समोरच्या घराची खिडकी उघडली. ज्या दोघींनी सकाळी ताटं ठेवली होती त्यांतली एक दारात येऊन उभी राहिली, मागे गेली, पुन्हा आली. शेवटी पदर सारखा करत ती सिंधूकडे गेली. पाठोपाठ पुनम बाहेर आली, तिच्या दोन्ही मुठींत शंकरपाळे होते, आणि तोंडातही.

महानंदा दिवेलागणीला परतली. साडीला तेलाचा वास येत होता.

"लावलंस कुंकू?"

"लावलं." ती पायरीवर बसली. "हात थांबला माझा. तिनं बघितलं. म्हणाली, काकू, तुमाला खात्री न्हाई, मलाबी न्हाई. लावा."

  सकाळी ठेवलेलं आपलं ताट महानंदानं सिंधूकडून परत आणलं होतं, रिकामं नव्हे, वर शंकरपाळे घालून.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सिंधू स्वतः डबा घेऊन ओसरीवर आली. भरायला चार-पाच जण बसले होते. ती आल्यावर ते थोडे आखडले, मग सरकून त्यांनी तिला जागा दिली.

"हे कुठं जाणार, काका?"

"दवाखान्यात. पेशंटच्या लोकांना."

"कुणी विचारलं तर शिवशंकर बिराजदारांच्या घरचं म्हणून सांगा."

अप्पा दरवर्षी फक्त गल्लीचं नाव सांगायचा. तो हो म्हणाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर चादरी अंथरून माणसं बसली होती. निलंग्याकडची एक म्हातारी, मुलाचं ऑपरेशन झालेलं. तिनं डबा घेतला, उघडला, त्यातला एक शंकरपाळा मोडून बघितला.

"गव्हाचे हायेत. घरचे हायेत. कुणाच्या घरचे म्हणायचे, बाबा?"

धम्मदीप गल्लीचं नाव सांगणार होता. अप्पानं त्याच्या हाताला हात लावला.

"शिवशंकर बिराजदारांच्या घरचे."

"औक्षवंत व्हवो," म्हातारी म्हणाली आणि खायला लागली.

बाकीचे डबे वाटून झाले. परत येताना रिक्षात धम्मदीपनं विचारलं, हे सिंधूताईंना सांगायचं का? अप्पानं बाहेर बघितलं. रस्त्यात पणत्यांच्या गाड्या लागल्या होत्या, मेसच्या गल्ल्या बंद आणि शांत होत्या. आशीर्वाद खरा होता, देणारीला काही ठाऊक नव्हतं, आणि घेणाऱ्याचा पत्ता नव्हता. सांगितलं तर सिंधू तो उराशी धरील, आणि तिनं तो तसा धरावा की नाही, हे ठरवणारे आपण कोण, हे त्याला कळेना.

"बघू," तो म्हणाला.

गल्लीत शिरताना सिंधू दारातली रांगोळी पुरी करत होती. तिनं मान वर करून विचारलं, "दिले का, काका?"

"दिले."

"नाव सांगितलं?"

"सांगितलं."

तिनं मान हलवली आणि पुन्हा रांगोळीकडे वळली. अप्पा दोन पावलं पुढे गेला आणि परत वळला. मग त्यानं म्हातारीचे शब्द होते तसे, पदरचं काही न लावता, सांगून टाकले. सिंधूच्या चिमटीतून रांगोळीची धार सुटत होती, ती थांबली. तिनं वर बघितलं नाही. बऱ्याच वेळानं ओळ पुढे सरकली, आधीपेक्षा जरा जाड.